मोडाचा तीन मजली डबा

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, आम्ही पाठवलेला मोडाचा डबा कुठंय? दाखव ना." मी विषय बदलला. शेजारी आजोबा बसले होते, आणि त्या डब्याचं नाव निघालं की माझा आवाज चढतो असं त्यांचं म्हणणं आहे. चढतोच. म्हणून हे लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

तो डबा मी फोडला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. भंगारवाल्याला दिला नाही, कारण त्याच्याकडून तो आणखी कुणाच्या तरी ओट्यावर गेला असता.

तुमचं प्रेम मला कळतं. आजीला मोड आणायची आवड आहे हे तुम्ही लक्षात ठेवलंत, इतक्या लांबून खोकं पाठवलंत. पण त्या डब्याला एकावर एक तीन मजले, प्रत्येक मजल्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं, भोकांभोवती नक्षीसारख्या खाचा, आणि दोन मजल्यांमधल्या सांध्यात कुठलंही बोट, कुठलीही घासणी पोचत नाही. ज्यानं तो डबा काढला त्यानं आयुष्यात एकही भांडं घासलेलं नसणार. खोक्यावर हसऱ्या बाईचा फोटो होता. तिच्या हातात हिरवेगार मोड होते, आणि डबा कसा धुवायचा यावर एक ओळही नव्हती.

माझ्याकडे मोडांसाठी काचेच्या बरण्या आहेत. रुंद तोंडाच्या, आत हात जाईल अशा. मटकी काढून घेतली की बरणी लगेच घासायची, उद्यावर ठेवायची नाही. आधी साबणानं, मग उकळत्या पाण्यानं, आणि मग गच्चीवर कडक उन्हात, पालथी नाही, आडवी, म्हणजे आत वारा खेळतो. झाकणाची रबराची कडी काढून वेगळी धुवायची, कारण कडीच्या मागे काय साठतं ते एकदा बघितलंत तर पुन्हा विचारणार नाही. तोंडाला बांधायची मलमलची फडकी मी प्रत्येक वेळी उकळते. मटकीचं फडकं वेगळं, मुगाचं वेगळं. कोवळी रोपं वाढवायचे ट्रे आणखी वेगळे. त्यातली मोहरी-मेथी कापून झाली की जुनी मुळं ट्रेला चिकटून राहतात. ती नखानं खरवडून काढली नाहीत तर पुढच्या पेरणीला पांढरी बुरशी ठरलेली. मुळांनाही पांढरी लव असते, पण तिच्यावर पाणी शिंपडलं की ती बसते. बुरशी बसत नाही, आणि तिला वास येतो. फोटो पाठवून "आजी, हे काय आहे?" असं मला विचारत जाऊ नका. हुंगून बघा.

या माझ्या पद्धतीची घरात थट्टा होते. आजोबा ट्रे बघून म्हणतात, "दसरा होऊन गेला, अजून तुझे घट उठले नाहीत?" पण खरी थट्टा तळमजल्यावरून येते. तिथं माझी धाकटी जाऊ राहते, म्हणजे तुमची धाकटी आजी. आपलं घर एकच, जिना मधून. ती मला अक्का म्हणते. पहिल्यांदा तिनं माझे ट्रे पाहिले तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अक्का, ही घटातली रोपं की वो. डोक्यात माळायची, टोपीत खोवायची. खायची कुणी सांगितली?"

बरण्या उकळताना बघितलं की म्हणायची, "मटकीला मोड आणताय का मटकीचं आपरेशन करताय?"

आणि कुणी पाहुणी आली की तिच्यासमोर हमखास, "आमच्या अक्का इंग्रजी शाळंत शिकलेल्या हाईत, त्यास्नी पाण्यात बी किडं दिसत्यात."

ती आळशी नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिच्याबद्दल भलतंच मत करून घ्याल. तिच्या घरातली पितळी भांडी आरशासारखी असतात, ओट्यावर पाण्याचा थेंब राहत नाही. पण मोडाच्या बाबतीत तिचा कायदा निराळा. आमच्या सासूबाईंचं मटकीचं एक फडकं होतं, जुन्या धोतराचं. त्या ते नुसत्या पाण्यातून काढायच्या आणि चुलीमागच्या दांडीवर वाळत टाकायच्या. साबण कधी लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, फडक्याला मोडाची सवय लागलेली असते, साबण लावला की मोड रुसतात. जसं दह्याच्या भांड्यात थोडं विरजण ठेवायचं, तसं फडक्यात थोडे मोड राहू द्यायचे. आम्ही दोघी सुना हेच शिकलो. मी पुढं सोडून दिलं. जावेनं धरून ठेवलं.

तेव्हा त्यात फारसं बिघडत नव्हतं, कारण सासूबाईंच्या हातची मटकी कच्ची कुणाच्या तोंडात जात नव्हती. ती कटात जायची, रटरटा शिजायची. फडक्यात काही असलंच तर ते त्या तांबड्या उकळीत संपून जायचं.

तुमचा डबा आला तेव्हा मी तो एकदा वापरला, एकदा घासायला बसले, आणि पुसून कपाटावर ठेवून दिला. जाऊ वर आली तेव्हा तिची नजर त्याच्यावर गेली.

"अक्का, तुमास्नी नको असंल तर मी न्हेते ह्यो. नुसता पडलाय की."

"ने. पण ऐक. दर वेळी सगळे मजले सुटे करून बारीक ब्रशनं घासायचे. भोकं, खाचा, सांधे, सगळं. ते जमणार नसेल तर नेऊ नकोस."

"घासते की वो! काय मला लहान पोर समजताय व्हय?"

नेला. आणि त्याच्या खालच्या मजल्यात सासूबाईंच्या कायद्यानं वाढलेलं तिचं फडकं अंथरलं.

आता तिच्या सुनेचं सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळे लिहिते आहे. मुलगी कबनूरची. माहेरी यंत्रमाग, त्यामुळे आवाजात वाढलेली, पण स्वतः इतकी हळू बोलते की कान द्यावा लागतो. मला मोठ्या आई म्हणते, सासूला आत्या. या उन्हाळ्यात तिला सातवा महिना होता. डोहाळजेवण झालं की पहिल्या बाळंतपणाला आईकडे कबनूरला जायचं ठरलं होतं. तिनं बॅगही भरून ठेवली होती. मला दाखवली. बाळाच्या टोपड्यांच्या घड्या माझ्यासारख्याच एका मापाच्या घातल्या होत्या, म्हणून ती मला आणखी आवडली.

जाऊ मोबाईलवर रोज एका बाईचं बघते. ती बाई सांगते, सकाळी उठल्याबरोबर वाटीभर कच्चे मोड खा, रक्त वाढतं, बाळ गुटगुटीत होतं. झालं. त्या डब्यातली मटकी रोज सकाळी त्या मुलीपुढं. कच्ची, वर मीठ, लिंबू.

मुलगी एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मोठ्या आई, डॉक्टर मॅडम कच्चे मोड नको म्हणाल्यात. पण आत्यांना कसं सांगू?"

मी त्याच पावली खाली गेले.

"तिला कच्चे मोड देऊ नकोस. डॉक्टरनं नको सांगितलंय."

"डाक्टर काय, उद्या पाणी पिऊ नको म्हनंल."

"अगं, भांडं कितीही स्वच्छ असलं तरी दाण्यातच काही असू शकतं. ओलाव्यात, उबेत ते वाढतं. मी इतकं उकळते, तरी आम्ही दोघं म्हातारी वाफवून खातो. आणि तुझं भांडं तर..."

"माझ्या भांड्याला काय झालंय?" ती फिस्कारली. "सासूबाईंनी जन्मभर मोडाचं खाऊ घातलं. कोण मेलं का?"

"सासूबाई शिजवून घालायच्या!"

"शिजवलं की सत्त्व जातंय. ती बाई सांगत्या की."

सासूबाईंचं अर्धं घ्यायचं, मोबाईलवरच्या बाईचं अर्धं घ्यायचं, आणि दोन्ही अर्धी मिळून एका गर्भार मुलीच्या पोटात घालायची. याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. मी तिथं आणखी बोलले. तीही बोलली. आजोबांनी वरून "हळू, हळू" म्हणून ओरडून आम्हाला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी पुन्हा मुलीपुढं होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलगी आजारी पडली. उलट्या, जुलाब, ताप. अंगातलं पाणी इतकं गेलं की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाइन लावावं लागलं. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत मी त्या बाकावर कशी बसले होते ते सांगत नाही. ठोके आले. चांगले होते. डॉक्टर म्हणाल्या, पोटात जंतू गेलेत, कशातून ते सांगता येत नाही.

पण जावेला सांगता येत होतं. तिनं दवाखान्याच्या बाकावरच निकाल दिला. मुलगी आदल्या दिवशी मैत्रिणीबरोबर शाहूपुरीत ब्लाउज आणायला गेली होती. तिथं पाणीपुरीच्या गाड्यापाशी दोघी उभ्या होत्या, हे कुणीतरी पाहिलं होतं.

"जिभेला लगाम न्हाय," जाऊ म्हणाली. "पोटात पोर असताना गाड्यावरचं खातंय का कोण?"

मुलगी पलंगावरून म्हणाली, "आत्या, मी नुसती उभी होते वो. तिनं खाल्लं. मी खाल्लं नाही."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

आणि तिनं तिथूनच कबनूरला फोन लावला. विहीणबाईंना सांगितलं की तुमच्या मुलीनं बाहेरचं खाऊन हे असं करून घेतलं. आता तिला तिकडं पाठवणार नाही, तिकडं तिच्यावर कुणाचं लक्ष राहणार नाही, बाळंतपण इथंच करू. पलीकडं ती आई काय बोलणार! मुलीचं तोंड भिंतीकडं होतं. तिचे खांदे हलत होते एवढंच मला दिसलं.

मुलगी घरी येणार त्या दिवशी सकाळी जाऊ तिला आणायला गेली आणि मी पेज करायला खाली तिच्या स्वयंपाकघरात गेले. डबा ओट्याच्या कोपऱ्यात होता. चार दिवस कुणी हात लावलेला नव्हता, हे खरं, पण चार दिवसांत जे होतं ते वेगळं आणि महिना दीड महिना साठतं ते वेगळं. एवढं मला कळतं. मी मजले सुटे करायला गेले तर ते सुटेनात. जोर लावला तेव्हा चिकटपट्टी ओढून काढल्यासारखा आवाज झाला. खाली बुळबुळीत, पिवळट थर. भोकं बुजलेली. खाचांमधून काळी रेघ. फडक्याचा रंग सांगत नाही. वास आंबूस, त्याच्याखाली आणखी एक वास, गटारीचा.

मी तो धुतला नाही. धुवायला हात शिवशिवत होते, पण तसाच ठेवला. पेज केली आणि वाट बघत बसले.

मुलगी आली, तिला आत निजवलं. मग मी जावेला हाक मारली.

"इकडे ये. हे हुंग."

"काय हाय?"

"हुंग म्हणते ना."

तिनं दुरूनच नाक ओढलं. "मोडाचा वास हाय. मोडाला वास येतोयच की."

"मोडाला शेंगेसारखा कच्चट वास येतो. तुला मी सांगायला हवं? जन्म गेला तुझा मटकीत. हा कशाचा वास आहे?"

ती डब्यापासून मागं सरली. मग एकदम उसळली. "म्हंजी मी घातलं व्हय तिला? सरळ म्हणा की मग! सासूनं सुनंला इख घातलं म्हणा!"

"असं मी म्हणणार नाही. कशानं झालं ते डॉक्टरना सांगता येत नाही, मलाही येणार नाही. पण तुला सांगता आलं! दवाखान्याच्या बाकावर बसून तिच्या आईला फोन करून सांगता आलं. मुलगी खाल्लं नाही म्हणते ते तुला ऐकू आलं नाही. गाडा शाहूपुरीत, तो तुला इथून दिसला. आणि तुझ्या हाताखालचा हा डबा उघडून बघावा असं तुला वाटलं नाही. तिचं माहेर तोडलंस तू, या डब्यापायी."

मी मोठ्यानं बोलत होते. गल्लीत ऐकू गेलं असणार. आजोबा या वेळी वरून काही म्हणाले नाहीत.

जावेनं डबा उचलला आणि मागच्या दारात उजेडाला गेली. एक मजला डोळ्यांसमोर धरला. भोकांतून ऊन येत नव्हतं. मग तिनं अंबाड्यातली पिन काढली आणि तिचं टोक खाचेतून ओढलं. पिनेवर जे आलं त्याच्याकडं ती बघत राहिली. ती पाठमोरी होती. तिनं किती वेळ बघितलं ते मी मोजलं नाही, पण पेजेवर साय धरली.

आत येऊन तिनं मोठं पातेलं चढवलं. फडकं त्यात टाकलं. पाणी उकळलं तसं ते चहासारखं झालं. तिनं ते ओतलं, दुसरं पाणी ठेवलं. तेही ओतलं. मला बोलायचं खूप होतं, पण तिसरं पाणी येईपर्यंत थांबायचं ठरवलं.

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कधी उठून आली कोण जाणे.

"जा, नीज जा," जाऊ म्हणाली, तिच्याकडं न बघता. मग पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

पलीकडं कबनूरला माग चालू होते. तो खटखटाट आमच्यापर्यंत येत होता.

"विहीणबाई," जाऊ म्हणाली, आधी हळूच. "पोरीनं बाहेरचं काय खाल्लं न्हवतं."

पलीकडून, "काय? मोठ्यांदा बोला, माग हाईत!"

जावेनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी काही मदत केली नाही. मग तिनं श्वास घेतला आणि तिच्या नेहमीच्या, चौकापर्यंत जाणाऱ्या आवाजात ओरडली, "तुमच्या पोरीनं बाहेरचं काय खाल्लं न्हवतं! कच्चं मोड खाल्लं, माझ्या हातचं, माझ्याच घरातलं! भांडं घाण हुतं! मी उगंच तिचं नाव घेतलं! आता बाळंतपणाला तिला घिऊन जावा!"

एवढं सगळं गल्लीनं ऐकलं. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. मला अजिबात वाईट वाटलं नाही. पहिल्या वेळी दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तर खरंही सगळ्यांसमोर सांगावं.

मुलगी आत जाऊन निजली. संध्याकाळी मी डबा फोडायला घेतला तेव्हा हातोडी जावेनंच आणून दिली. शेजारी उभी राहिली. म्हणाली, "खालचा मजला मी फोडते." फोडला.

बरं वाटल्यावर मुलीला न्यायला तिचे आईवडील गाडी घेऊन आले. जाताना ती माझ्या पाया पडली, मग सासूच्या. जाऊ तिला म्हणाली, "आईकडं कच्चं काय खाऊ नको. कोण बी दिलं तरी. मी जरी दिलं तरी." माझ्या जावेकडून माफी म्हणून जे काही निघायचं ते एवढंच निघालं. मुलीला पुरलं असावं. ती हसली.

मला ते पुरलेलं नाही. माझा राग अजून आहे. जावेवर आहे, मोबाईलवरच्या त्या बाईवर आहे, त्या डब्याच्या कारखान्यावर आहे. जाऊ परवा वाटीभर उसळ घेऊन वर आली. शिजलेली, वाफाळती. वाटी ओट्यावर ठेवून म्हणाली, "उकळल्याल्या फडक्यात बी आलं बघा मोड. लांबच्या लांब. रुसले न्हाईत." मी म्हटलं, "मी दिलेल्या बरणीची कडी काढून धुतलीस का?" ती म्हणाली, "जाऊन बघा की." मी खाली जाऊन बघितली. धुतलेली होती. तरी वर येऊन मी तिला सांगितलं की आडवी ठेव, पालथी नको.

काल रात्री जेवताना कबनूरहून फोन आला. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. जाऊ खालून जिना चढत चढत ओरडत आली, आणि दारात थांबून, आत यायच्या आधी, हात धुवायला मोरीकडं वळली. आजोबा हसले. मी नाही हसले.

तुम्हाला पुन्हा काही पाठवायचं असेल तर बाटली घासायचा लांब दांड्याचा ब्रश पाठवा. दोन पाठवा. एक खाली देईन.